कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला टर्बो बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा आणि हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. हे पान जुन्या, कार्बोरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारं यांत्रिक भांडं असलेल्या) ७९६ सीसी मारुतीसाठी आहे. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची गाडी असेल तर टायमिंग, ऑईल आणि पॅकिंगचे भाग वाचा, बाकी सोडा. जिप्सी, झेन किंवा पद्मिनीवाल्यांना विचार तोच लागू पडतो, फक्त आकडे आपापल्या इंजिनाचे घालायचे. आमच्या प्रयोगात एक पिस्टन वितळला आणि दोन हेड पॅकिंग गेली. खालची बरीच उत्तरं त्या खर्चातून आली आहेत.

गाडी रस्त्यावर चालवता येईल ना?

नाही. हे पहिलंच उत्तर आहे, कारण अर्धे लोक हा प्रश्न सगळं बसवून झाल्यावर विचारतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून हटणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं आणि त्यात अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किटला वाट आहे, तशी टर्बोला नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

म्हणून ही गाडी ट्रॅकसाठी, ऑटोक्रॉससाठी किंवा स्वतःच्या जागेत फिरवायची, असं आधी ठरवा. स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांचे नियम आधी वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ ने गुणतात. त्या हिशेबाने तुमची ७९६ ची गाडी १,३५३ ची धरली जाईल आणि तुम्ही थेट एस्टीमवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसाल.

पॉवर किती वाढेल? मित्र म्हणतो दुप्पट.

मित्राला कागद-पेन्सिल द्या.

हे इंजिन ५,००० आरपीएमला साधारण ३७ अश्वशक्ती देतं. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा ७९६ सीसी हवा ओढतं. सिलिंडर पुरता भरत नाही, पाऊण भरतो असं धरलं तर मिनिटाला दीड हजार लिटर, म्हणजे पावणेदोन किलो हवा. पॉवर या किलोंवर ठरते. लिटर कितीही असोत.

आता ०.४५ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला वरचा दाब, द्या. दाब १.४५ पट झाला, पण दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश असताना, कॉम्प्रेसर (टर्बोची हवा दाबणारी बाजू) ६५ टक्के कार्यक्षम धरला, तर पलीकडे हवा ८८ अंशांच्या आसपास निघते. गरम हवा विरळ, त्यामुळे वजनात वाढ १.२४ पटच होते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) ती ५० अंशांवर आणली तर १.३८ पट. म्हणजे इंटरकूलरशिवाय ४५-४६ आणि इंटरकूलरसह ५० च्या आसपास. साडेसहाशे किलोच्या गाडीत पन्नास अश्वशक्ती काय करतात ते एकदा चालवून बघा, मग दुप्पट हा शब्द आठवणार नाही.

हे आकडे फ्लायव्हीलचे आहेत. सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी-जास्त असेल, रिंगा गेल्या असतील, तर आधी बोअर-पिस्टन करून घ्या. दमेकऱ्याला टेकडीवर पळवण्यात अर्थ नाही.

पण जपानमध्ये सुझुकीने याहून लहान इंजिनातून ६४ काढले होते!

काढले होते. १९८७ च्या आल्टो वर्क्समध्ये ५४३ सीसीतून ६४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) यायचे, आणि तो आकडा पुढे जपानच्या सगळ्या छोट्या गाड्यांसाठी अलिखित मर्यादा बनला. इंजिन आपल्या ८०० च्या एफ८बी इंजिनाच्याच एफ घराण्यातलं. पण त्यात दोन कॅमशाफ्ट, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, इंटरकूलर आणि इंजेक्शन होतं. म्हणजे या गाडीत सुझुकीने जी वस्तू काढून टाकली, तो कार्बोरेटर ठेवूनच आपण हा उद्योग करतोय. अपेक्षा त्या बेताने ठेवा.

कुठल्या कंपनीने कार्बोरेटरवर टर्बो दिला होता का?

भरपूर. या गाड्यांचा अभ्यास फुकट मिळतो, तो जरूर करा.

सुरुवात १९६२ मध्ये अमेरिकेत झाली, आणि एकाच कंपनीच्या, जनरल मोटर्सच्या, दोन गाड्यांनी केली. शेवरलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाईलची जेटफायर. दोन्हींत कार्बोरेटर टर्बोच्या आधी होता. जेटफायरचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०.२५, म्हणजे टर्बोला भलतंच जास्त. नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिनाला बसणारे ठोके) टाळायला त्यांनी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण बूस्टवर इंजिनात फवारलं. टाकी मालकाने भरायची, आणि मालक भरायचे नाहीत. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, गाडी मरगळायची, लोक वैतागायचे. १९६५ मध्ये कंपनीनेच टर्बो काढून साधा चार बॅरलचा कार्बोरेटर लावून द्यायची सोय केली. मालकाच्या शिस्तीवर अवलंबून असलेली सुरक्षा किती टिकते, ते यावरून समजा.

युरोपने ऐंशीच्या दशकात उलटी मांडणी घेतली. आधी टर्बो, मग कार्बोरेटर. लोटस एस्प्रिट टर्बोने १९८० मध्ये दोन डेलॉर्टो कार्बोरेटरमधून २१० अश्वशक्ती काढल्या, कॉम्प्रेशन ७.५ वर उतरवून. एमजी मेट्रो टर्बोने १२७५ सीसीच्या जुनाट इंजिनावर एकच एसयू कार्बोरेटर ठेवून ९३ दिल्या. रेनो ५ जीटी टर्बो १९८५ ची. १,३९७ सीसी, ढकलदांड्यांचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गॅरेटचा टी२ टर्बो, ११५ पीएस. आपल्यासारख्यांनी सर्वात बारकाईने बघावी अशी हीच गाडी, कारण सगळं साधं आहे.

आणि मासेराटी बिटुर्बो. दोन टर्बो, एक वेबर कार्बोरेटर, आणि तो अख्खा कार्बोरेटर दाबाच्या पेटीत बंद. ती १४ डिसेंबर १९८१ ला लोकांसमोर आली. बरोबर दोन वर्षांनी, १४ डिसेंबर १९८३ ला, दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हातात पडली. याचा टर्बोशी काडीचा संबंध नाही, पण गॅरेजात सांगायला बरं वाटतं.

ड्रॉ-थ्रू चांगलं की ब्लो-थ्रू?

ड्रॉ-थ्रूमध्ये टर्बो कार्बोरेटरमधून ओढतो, ब्लो-थ्रूमध्ये कार्बोरेटरमध्ये फुंकतो. दिसायला ड्रॉ-थ्रू सोपं. कार्बोरेटर नेहमीसारखा मोकळ्या हवेत राहतो, पंप तोच चालतो, मिश्रणाचं गणित फारसं बिघडत नाही. म्हणूनच अमेरिकेने आधी ते धरलं.

अडचणी नंतर कळतात. थ्रॉटल बंद असताना कॉम्प्रेसरच्या घरात सक्शन तयार होतो आणि तो बेअरिंगमधलं ऑईल ओढून घेतो. यासाठी कॉम्प्रेसरच्या बाजूला कार्बन सील असलेला टर्बो लागतो. भंगारात मिळणाऱ्या आजच्या टर्बोंमध्ये तो नसतो, म्हणून सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक टर्बोला शिव्या देतात. दुसरं म्हणजे टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पूर्ण पाईपमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते. इंटरकूलर लावला तर पेट्रोल त्यात थेंब होऊन साचतं, आणि एक बॅकफायर झाला की तो कूलर राहत नाही, बाँब होतो. म्हणजे ड्रॉ-थ्रूला इंटरकूलर विसरा.

माझं मत ब्लो-थ्रूच्या बाजूने आहे. काम जास्त आहे, पण सगळं बाकावर बसून, गाडी सुरू करण्याआधी करता येतं.

ब्लो-थ्रूसाठी कार्बोरेटरमध्ये नेमकं काय करायचं?

इथे घाई करू नका. प्रकल्प जगतो की मरतो ते इथेच ठरतं.

फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोलवर हवेचा दाब असतो आणि व्हेंच्युरीत, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यात, त्याहून कमी. या फरकामुळे जेटमधून, म्हणजे मापाच्या भोकातून, पेट्रोल वर येतं. टर्बोने वरून ०.४५ बार दाब दिला आणि वाटी मात्र बाहेरच्या हवेला उघडी राहिली, तर पेट्रोल वर यायच्या ऐवजी उलटं ढकललं जाईल. गाडी बूस्टवर गेली की एकदम गप्प होईल. म्हणून वाटीला तोच दाब मिळाला पाहिजे जो कार्बोरेटरच्या तोंडावर आहे. वाटीची हवेची वाट तोंडातच उघडत असेल तर टोपीखाली (टर्बोची हवा कार्बोरेटरच्या तोंडात नेणाऱ्या हवाबंद झाकणाखाली) ती आपोआप येते. बाहेर उघडत असेल तर बुजवा किंवा नळी जोडून टोपीत आणा.

मग झिरपणाऱ्या जागा. थ्रॉटलची दांडी तिच्या भोकांत ढिली असते. नेहमीच्या गाडीत ती थोडी हवा आत घेते आणि कोणाला कळत नाही. बूस्टवर तिथून पेट्रोल मिसळलेली हवा बाहेर फुंकली जाते, खाली तापलेला एक्झॉस्ट. नवीन बुश आणि सील लावून घ्या. चोकच्या दांडीलाही तेच. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि झाकणांची पॅकिंग नवी टाका, स्क्रू समान आवळा.

फ्लोट पितळी पोकळ असेल तर काढून हातात घ्या, गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. बाहेरून दाब पडला की जुना फ्लोट चेपतो, पेट्रोल आत शिरतं, तो बुडतो आणि गाडी ओव्हरफ्लो मारते. भरीव फ्लोट मिळाला तर उत्तम.

हे सगळं कटकटीचं वाटत असेल तर मासेराटीसारखी पेटी करा. कार्बोरेटर अख्खा पेटीत ठेवला की दांडीच्या आत-बाहेर दाब सारखाच, त्यामुळे झिरपण्याचा प्रश्न मिटतो. पण ट्युनिंगच्या वेळी प्रत्येक जेटसाठी पेटी उघडायची. आम्ही टोपी केली, आणि पुन्हा करायची वेळ आली तरी टोपीच करू.

जेट किती मोठा घालायचा?

महाबळेश्वरला गेलात तेव्हा कार्बोरेटरची गाडी वर पोचल्यावर जरा कोंदटल्यासारखी चालते, प्लग काळे पडतात, आठवतंय? सुमारे १,३५० मीटरवर हवा विरळ होते, पण कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. तो वेग ओळखतो, वजन अर्धवट ओळखतो. हवेची घनता बदलली की मिश्रण तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतं. वर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

बूस्ट म्हणजे महाबळेश्वरच्या उलटा घाट. घनता १.३८ पट झाली तर वर्गमूळ १.१७, म्हणजे गाडी १७ टक्के लीन, पेट्रोल कमी. बूस्टवर आपल्याला तर उलट आणखी रिच हवं. दोन्ही मिळून पेट्रोलची वाट पंचवीसेक टक्क्यांनी वाढवावी लागते. क्षेत्रफळ पंचवीस टक्के वाढलं म्हणजे जेटचं भोक व्यासात बारा टक्क्यांच्या आसपास वाढतं. बारीक ड्रिलने अंदाजाने भोक पाडणाऱ्या मिस्त्रीला हात जोडा आणि मापाचे जेट विकत आणा.

मात्र मुख्य जेटच तेवढा मोठा केला तर बूस्ट नसताना गाडी पेट्रोल ओतत चालेल. कार्बोरेटरमध्ये पॉवर जेट असेल तर वाढ तिथे करा, म्हणजे बूस्ट आल्यावरच जास्त पेट्रोल मिळेल. नाहीतर एसयू पद्धतीचा, पिस्टन वर सरकणारा कार्बोरेटर घ्या; त्याची सुई घासून हवी तशी बसवता येते आणि मेट्रो टर्बोमध्ये तो चालून दाखवलेला आहे.

ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं काय?

चांगलं आणि वाईट दोन्ही.

चांगलं असं की इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, वाढतो. साधं पेट्रोल ९१ चं होतं, ई-२० चं प्रमाण ९५ चं आहे. शिवाय इथेनॉल बाष्पीभवनात जास्त उष्णता ओढतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते. टर्बोवाल्याला हे दोन्ही हवंच असतं.

वाईट असं की एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते तिथे ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे १९९० चे जेट घेऊन आज पंपावर गेलात तर टर्बो न लावताच तुम्ही आठेक टक्के लीन आहात. वरचे पंचवीस टक्के याच्या पुढे मोजायचे. जुने रबरी पाईप फुगतात, पडदे कडक होतात, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी धरून इथेनॉल खाली बसतं. पाईप इथेनॉल चालणारे घाला, आणि गाडी ठेवून देताना वाटी रिकामी करा.

मूळचा पेट्रोल पंप चालेल का?

याच प्रश्नाने आमचा पिस्टन खाल्ला.

मूळचा पंप यांत्रिक, पडद्याचा. कॅमवरून हलतो, दाब देतो साधारण ३ पीएसआय. ०.४५ बार म्हणजे साडेसहा पीएसआय. वाटीत आता साडेसहाचा दाब बसलाय आणि पंप तीनने ढकलतोय. पेट्रोल जाणार कसं? वाटीत असलेल्या साठ्यावर गाडी काही सेकंद झकास पळते. मग मिश्रण लीन होतं, आणि लीन झाल्याचं पहिलं लक्षण म्हणजे गाडी क्षणभर जास्तच जोरात खेचते. आम्ही खूष होऊन पाय आणखी दाबला. दोन नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला बोट जाईल एवढं भोक पडलं.

उपाय ठरलेला आहे. इलेक्ट्रिक पंप, परतीची नळी टाकीपर्यंत, आणि बूस्टची नळी जोडता येईल असा रेग्युलेटर. बूस्ट नसताना ३ पीएसआय. बूस्ट जितका वाढेल तितकाच पेट्रोलचा दाबही वाढला पाहिजे, एकास एक. पंप मोठा लागत नाही. पन्नास अश्वशक्तीला तासाला वीस लिटरच्या आसपास पेट्रोल पुरतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावणार असाल तर रेग्युलेटर ३ पीएसआयपर्यंत खाली येतो का हे तपासा. बरेच येत नाहीत, मग पेट्रोलचा जास्तीचा दाब फ्लोटची सुई ढकलून उघडतो.

अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप थांबला पाहिजे. ऑईल प्रेशर स्विचवरून रिले लावा. हे टाळू नका.

टर्बो कोणता घ्यावा? स्विफ्ट डिझेलचा भंगारात मिळतोय.

स्विफ्ट डीडीआयएसचा १.३ डिझेल टर्बो, केपी३५, सगळीकडे मिळतो. हेच फियाटचं इंजिन आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं, त्यामुळे पुणे-नगर पट्ट्यात भंगारवाल्यांकडे तोटा नाही. पण तो १,२४८ सीसीच्या डिझेलसाठी आहे, आणि त्या इंजिनाची हवेची भूक तुमच्या ८०० च्या दुप्पट आहे. ८०० ला तो उशिरा जागा होईल. १,३०० च्या जिप्सीला मात्र अंगाबरोबर बसतो.

८०० साठी मिनिटाला अडीच किलो हवा पुरवणारा छोटा टर्बो हवा. आयएचआयचा आरएचबी३१ हा जपानी ६६० सीसी गाड्यांच्या मापाचा, आणि गॅरेटचा जीटी१२ हाही त्याच वर्गातला. आरएचबी३१ च्या नकला स्वस्तात मिळतात. नक्कल घेतलीत तर उघडून दांडीचा खेळ बघा, हाउसिंगमधली ओतकामाची वाळू आणि बुरा धुऊन काढा.

पाती फिरवणारा, म्हणजे व्हीजीटी डिझेल टर्बो घेऊ नका. पेट्रोलचा एक्झॉस्ट पूर्ण लोडवर ९०० अंशांच्या पुढे जातो, डिझेलचा बराच थंड. ती पाती अडकतात.

कॉम्प्रेशन कमी करायला जाड पॅकिंग घालू का?

मूळ कॉम्प्रेशन ८.७. एका सिलिंडरचे २६५ सीसी धरले तर दहनकक्ष साडेचौतीस सीसीचा. ८ वर आणायला साडेतीन सीसी वाढवावे लागतात, म्हणजे हेड साधारण ०.९ मिमी वर उचलायचं. दोन पॅकिंगमध्ये पत्रा घालून लोक हे करतात आणि तिथूनच पाणी-ऑईल एक होतं. शिवाय पिस्टन आणि हेडमधली चिंचोळी जागा मोठी झाली की मिश्रण नीट घुसळत नाही, आणि ज्या नॉकिंगपासून पळत होतो तेच वाढतं.

०.४५ बारपर्यंत ८.७ तसंच ठेवा. टायमिंग मागे घ्या, ई-२० चा फायदा घ्या, इंटरकूलर लावा. रेनोने ७.९ ठेवलं होतं, पण बूस्टही जास्त दिला होता. हेड मात्र लेथवाल्याकडून सपाट करून घ्या, पॅकिंग नवं घाला, बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. आमची दोन्ही पॅकिंग अंदाजाने आवळल्यामुळे गेली.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किती मागे?

ढोबळ हिशेब एक पीएसआयला एक अंश. साडेसहा पीएसआयला सहा अंश. डिलको (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरवून सरसकट सहा अंश मागे घेतलं तर खाली पिकअप मरतो आणि एक्झॉस्ट तापतो, म्हणून बूस्टवरच मागे जाणारी व्यवस्था शोधा. साधा पडद्याचा ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी डबी) ठेवणार असाल तर त्याच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्टने पडदा फाटतो. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.६ मिमीपर्यंत कमी. दाट हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो. वर गेल्यावर गाडी मिसिंग मारली तर आधी गॅप बघा, मग कार्बोरेटरला हात लावा.

इंटरकूलर आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतातच का?

इंटरकूलर: ब्लो-थ्रूला हो. छोट्या डिझेल गाडीचा पुरतो. ब्लो-ऑफ (साचलेला दाब बाहेर सोडणारा): हो, नाहीतर थ्रॉटल मिटल्यावर दाब कार्बोरेटरच्या टोपीवर आदळतो. पेट्रोल पुढे मिसळत असल्याने हवा बाहेर सोडली तरी मिश्रण बिघडत नाही. फुस्स आवाजासाठी वेगळा खर्च करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

ऑईलची नळी कुठून घ्यायची?

ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून टर्बोला द्यायचं. त्रास परतीच्या नळीचा असतो. टर्बोतून ऑईल फेसाळून पडतं, त्याला दाब नसतो. म्हणून ती नळी अंगठ्याएवढी जाड, सलग उतरती, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) ऑईलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. एक वाकडा खड्डा राहिला तरी ऑईल अडून सीलमधून बाहेर येतं. क्रँककेसची वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या नळीतही एकमार्गी व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट संपमध्ये शिरेल आणि डिपस्टिक उडून बोनेटला लागेल. हसू नका, लागते.

टर्बोसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठे बनवायचा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीकडे चांगले वेल्डर आणि लेथवाले आहेत. जाड भिंतीचा स्टीलचा पाईप, १० मिमी जाड फ्लँज, आणि वेल्डिंग झाल्यावर फ्लँज पुन्हा सपाट करून घेणं, एवढं सांगा. तीन सिलिंडरच्या इंजिनाला एक नैसर्गिक फायदा आहे: एक्झॉस्टचे धक्के २४० अंशांनी एकामागून एक येतात, एकमेकांना फारसे आडवे येत नाहीत, त्यामुळे लांबलचक सुंदर पाईपांची गरज नाही. आखूड, साधा, भक्कम करा. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळू देऊ नका, ब्लॉकला आधार द्या.

कोणते मीटर लावायचे?

वाईडबँड लॅम्डा (मिश्रण रिच की लीन ते एक्झॉस्टमधून सांगणारा; १ च्या खाली रिच, वर लीन), बूस्ट, आणि पेट्रोलचा दाब. पैसे एकाच मीटरचे असतील तर लॅम्डा. बूस्टवर ०.८० च्या आसपास ठेवा. मीटर लॅम्डात वाचा, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते बदललं की १४.७ सारखे हवेच्या किलोचे आकडे फसवतात.

क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक?

क्लच घसरेल, जाड स्प्रिंगची प्लेट घाला. गिअरबॉक्स ५९ न्यूटन-मीटरसाठी बनलाय. मेट्रो टर्बोमध्ये गिअरबॉक्स वाचवण्यासाठी बूस्ट खाली ४ पीएसआय आणि वर ७ असा चढता ठेवला होता. तीच युक्ती वापरा. ब्रेक आणि टायर टर्बोच्या आधी करा. बारा इंची टायरवर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यायची?

सुरू करण्याआधी पेट्रोलची परीक्षा घ्या. रेग्युलेटरच्या बूस्टच्या नळीला सायकलचा पंप लावा, इलेक्ट्रिक पंप चालू करा आणि हवा भरा. सायकल पंपाने ५ पीएसआय दिले तर पेट्रोलचा मीटर ३ वरून ८ वर गेला पाहिजे. ही दोन मिनिटांची परीक्षा आम्ही पहिल्या वेळी घेतली असती तर तो पिस्टन अजून गाडीत असता.

मग टर्बोच्या सगळ्या जोडांवर दाब देऊन साबणाचं पाणी लावा, पंक्चरवाला लावतो तसं. प्लग काढून, करंट तोडून स्टार्टरवर इंजिन फिरवा, ऑईल टर्बोपर्यंत पोचून परतीच्या नळीतून येताना दिसेपर्यंत. आता सुरू करा, गरम होऊ द्या, थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा.

पहिला बूस्ट दुसऱ्या गिअरमध्ये, शेजारी मीटर वाचणारा माणूस बसवून. लॅम्डा ०.८५ च्या वर गेला की त्याने ओरडायचं, तुम्ही पाय उचलायचा. दोन-तीन धावा झाल्या की गाडी तिथेच बंद करा, प्लग काढा आणि उन्हात धरून पांढऱ्या भागाकडे बघा. फिकट तपकिरी असेल तर पुढच्या धावेला निघा. त्यावर चांदीसारखे बारीक कण चिकटलेले दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. किल्ली खिशात टाका आणि गाडी ढकलत घरी न्या.